लालनिळा, काळा आणि मटाराची बोरी

मझौलीहून फोन आला की आमच्याकडे जबलपूरला हिवाळा सुरू झाला असं समजायचं. थंडी त्याआधीच आलेली असते, कुंडमच्या जंगलाकडून वारा सुटलेला असतो, ट्रंकेतले स्वेटर गच्चीवर ऊन खात पडलेले असतात. पण ते सगळं नुसतं हवामान. हिवाळा म्हणजे मझौलीच्या दाऊजींचा फोन. त्यांच्या शेतातला मटार माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरी येतो. कालही ते नेहमीसारखेच म्हणाले, "भैया, मटर टूट रई है. बोरी भेजें?"

दरवर्षी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "हाँ, भेज दो" म्हणून मोकळा होतो. काल तोंडच उघडेना. शेवटी म्हणालो, "सोचकर बताता हूँ." दाऊजी म्हणाले, "सोचना का है भैया, मटर है." बरोबरच होतं त्यांचं. मटाराबद्दल कोणी विचार करतं का?

स्वयंपाकघरातून शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "काहून, नाही म्हटलं का?"

"नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही."

"मग म्हटलं तरी काय?"

हेच तर मला कळत नव्हतं. घरात आता आम्ही दोघं. मुलगी रेवा बंगळूरला. बोरीभर, म्हणजे पोतंभर, शेंगा सोलायच्या कोणी आणि खायच्या कोणी? बरं, बोरी नको म्हणावं, तर तिच्याबरोबर जे काही घरात यायचं तेही नको म्हटल्यासारखं होतं. आज सकाळपासून मी गच्चीवर उन्हात बसून आहे. समोर टेबलावर एक छोटा निळा प्लास्टिकचा तुकडा आहे, त्याला चार बटणं आणि एक अंगठ्याने फिरवायची काडी. तो मेलेला आहे. म्हणजे बिघडलेला नाही. त्याला चार्जिंग नाही. तो इथे चार्ज होतच नाही. त्याचं काय ते पुढे येईलच.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी सरकारी खात्यात खरेदी विभागात आहे. पंखा घ्यायचा असो की पंप, किमान तीन कोटेशन आल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. दोनच आली तर फाइल परत. तिन्ही आली की तुलनात्मक तक्ता करायचा, त्यात एकाची मोटर चांगली निघते, दुसऱ्याची हमी, तिसऱ्याचा रंग, आणि तक्ता करणारा माणूस हळूहळू वेडा होतो. ही सवय मी इमाने इतबारे घरी आणली. आमचा मिक्सर एका दिवाळीला घ्यायचा ठरला आणि पुढच्या दिवाळीला आला. शुभा म्हणते, लग्नाच्या वेळी तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मी एकटीच कशी पुरले? मी म्हणतो, तेव्हा मी नोकरीला नव्हतो.

तशी ही खोड रक्तातलीच असावी. आमचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर कारकुनी करत इकडे आले. फौज परत गेली, हे राहिले. परत जावं की राहावं याची त्यांची तुलना बहुधा अजून संपलेली नाही. मधल्या काळात मात्र जबलपूर अंगात भिनलं. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी आमची जुनी वाटणी. पण हा उंबरा वर्षागणिक आत सरकत आला. आधी ओसरी गेली, मग बैठकीची खोली गेली, शेवटी मराठी देवघरात आणि स्वयंपाकघरात उरली.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ह्याचा फार जाच व्हायचा. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे आमच्या घरचा मटाराचा नियम. मटाराची बोरी गच्चीवर सतरंजीवर ओतायची, घरातल्या सगळ्यांनी भोवती बसायचं आणि शेवटची शेंग सोलून होईपर्यंत फक्त मराठी बोलायचं. ज्याच्या तोंडून हिंदी वाक्य निघेल त्याच्यापुढे एक ओंजळ शेंगा जास्त. इंग्रजीला माफी होती. ती नसती तर कोणालाच बोलता आलं नसतं. गंमत म्हणजे सगळ्यांत मोठा ढीग खुद्द अण्णांच्याच पुढे साचायचा. त्यांना राग आला की तो हिंदीतच यायचा, आणि माया दाटून आली तरी हिंदीतच. मग आई काही न बोलता दोन्ही हातांनी शेंगा उचलून त्यांच्यापुढे ठेवायची, आणि ते मुकाट्याने सोलायचे. अण्णा गेले, आई गेली, नियम राहिला. आता त्याचा राखणदार मी.

मटार सोलण्याचा एक आवाज असतो. शेंगेच्या टोकाला अंगठ्याने दाब दिला की टच् असा. मग अंगठा आतून फिरवायचा, दाणे परातीत टपटपतात. कोवळ्या शेंगेचा वास ओल्या गवतासारखा. बोटांना हिरवट डाग पडतात ते दोन दिवस जात नाहीत. ऊन पाठीवर असतं, पायाला सतरंजी टोचत असते, आणि मधूनच कोणीतरी चार दाणे तोंडात टाकतं. ह्या सगळ्यात रेवा लहानपणापासून बसायची. आणि बसायची ती अगदी गप्प.

तिला मराठी सगळं कळतं. जे तिला कळू नये म्हणून आम्ही दोघं हळू आवाजात बोलायचो तेही कळायचं. पण उत्तर हिंदीत. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भांडण हिंदी. मटाराच्या रविवारी तिने एक साधा शोध लावला, की जो बोलतच नाही त्याला दंड होत नाही. भराभर सोलायची, अंगठा तर असा चालायचा की बघत राहावं, आणि आपला वाटा संपला की उठून खाली. मराठी टिकावी म्हणून काढलेल्या नियमाने आमच्या घरात एक मुकी मुलगी तयार केली होती. नियम सोडावा तर ती हिंदी बोलणार, धरावा तर काहीच बोलणार नाही. मी कितीतरी हिवाळे ह्याच घोळात काढले.

आणि मग गेल्या वर्षीचा हिवाळा आला. रेवाला बंगळूरची नोकरी लागली होती आणि संक्रांत झाली की तिला रुजू व्हायचं होतं. पहिल्या बोरीचा रविवार. मी, शुभा आणि ती, सतरंजीवर. ढीग निम्मा झाला असेल. आणि रेवा म्हणाली,

"बाबा, मला एक वस्तू घ्यायची आहे. पण त्या दोन आहेत."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. शुभाने माझ्याकडे पाहिलं. मराठीत, सरळ, पुरं वाक्य. मी घाबरून अगदी साध्या आवाजात म्हणालो, "सांग." मांजर खिडकीत येऊन बसावं आणि आपण हलू नये, तसं मला झालं होतं.

तिला हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र घ्यायचं होतं. मी अर्थातच विचारलं, "मोबाइलवर खेळता येत नाही का?" त्यावर तिने जे तोंड केलं त्याला कुठलीच भाषा लागत नाही. पण तोंड करून भागणार नव्हतं. आमच्या घरात माझ्या संमतीशिवाय वस्तू येत नाही, आणि मी निवांत सापडतो तो फक्त मटारावर. म्हणजे तिला माझ्याशी वाद घालायचा तर मराठीतच घालावा लागणार होता. आपण किती अडकलो आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती हसली, आणि तिने बाह्या सरसावल्या.

एक यंत्र होतं लहानसं, हलकं. त्याची डावी बाजू निळी आणि उजवी लाल. म्हणून त्याचं नाव आमच्याकडे पडलं लालनिळा. दुसरं काळं, मोठं, जड, त्याचं नाव काळा. काळा ताकदवान. तो कॉम्प्युटरवरचे मोठमोठे खेळ पेलतो. लालनिळा त्याच्यापुढे म्हातारा, पण त्याचे खेळ फक्त त्याच्याकडेच असतात, दुसरीकडे मिळत नाहीत. काळ्याचं चार्जिंग लवकर संपतं. लालनिळा जास्त टिकतो, पण त्याची काडी काही दिवसांनी आपोआपच हलायला लागते असं लोक म्हणतात. काळ्याला पंखा आहे.

"पंखा कशाला?"

"तो गरम होऊन राहतो ना, बाबा. जोरात खेळलं की त्याला धाप लागते."

धाप लागते! हा शब्द हिला कोणी शिकवला? तिची आजी जिने चढून गच्चीवर यायची तेव्हा म्हणायची तो हा शब्द. तो कुठे तरी आत पडून होता आणि आज एका यंत्राच्या पंख्यासाठी बाहेर आला. मी दाणे परातीत टाकायचे ते सालांच्या ढिगात टाकले.

पुढच्या रविवारी पडद्याचा विषय निघाला. काळ्याचा पडदा एका सेकंदात पुष्कळ वेळा बदलतो म्हणून चित्र गुळगुळीत दिसतं, हे ती मला सांगू पाहत होती. इंग्रजी शब्द मला कळेना, हिंदीला बंदी. बराच वेळ तिने शेंग बोटात फिरवली आणि म्हणाली, "असं समजा, पडदा पापणी लवतो. काळा लवकर लवकर लवतो. लालनिळा हळू लवतो."

"मग डोळ्याला कुठला चांगला?"

"दोन्ही. म्हणजे... बाबा, तुम्ही असं विचारलं की मलाच समजत नाही."

मलाही समजत नव्हतं, आणि हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो. काळ्याची ताकद ऐकली की काळा घ्यावा वाटायचं. मग त्याचं वजन ऐकलं की लालनिळा. लालनिळ्याचे खेळ फार महाग पडतात असं कळलं की पुन्हा काळा. रेवा यूट्यूबवरच्या लोकांचं सांगायची: एक मुलगा सकाळी काळ्याला डोक्यावर घ्यायचा आणि त्याचाच मित्र संध्याकाळी त्याला खाली आपटायचा. दोघंही खरे वाटायचे. ऑफिसात पंपांच्या तक्त्यावर सही करता करता मला वाटायचं, ह्या पंपाला धाप लागते का? एकदा साहेबांना विचारणारच होतो.

त्यात मी आगीत तेल ओतलं. म्हणालो, "दोनच कोटेशनवर निर्णय होत नाही. तिसरं पाहिजे."

"बाबा, तिसरं नाहीये!"

"असणार. शोध."

आणि खरंच निघालं. एक तिसरंही होतं, काळ्याहून थोराड, आत ऑफिसच्या कॉम्प्युटरसारखंच सगळं. चालू केलं की आधी स्वतःलाच दुरुस्त करत बसतं म्हणे. रेवाने डोक्याला हात लावला. आतापर्यंत ती दोघांत घोटाळत होती, आता तिघांत. शुभा म्हणाली, "पोरीच्या डोक्याचा पार भुगा करून टाकला तुम्ही. काहून असं करून राहिले?"

काहून, ते मला एका साध्या बुधवारी कळलं. ऑफिसातून आलो तर रेवा जेवणाच्या टेबलाशी फोन बघत बसली होती. मी उत्साहाने विचारलं, "काय, तिसऱ्याचं काही कळलं?" ती वर न बघता म्हणाली, "हाँ, देख रही हूँ." बस्. एवढंच. मी स्वेटर काढून तिथेच उभा राहिलो. हीच मुलगी रविवारी तासन्‌तास माझ्याशी पापण्या आणि धापा बोलली होती. मटाराखेरीज आमच्यात काही नव्हतं, आणि संक्रांत जवळ येत होती. यंत्र ठरलं की बोलणं संपलं. बोलणं संपलं की मुलगी गेली, आणि तिकडे बंगळूरला तर कोणाशी मराठी बोलणार? मला ते यंत्र ठरायला नको होतं. अगदी पोटातून नको होतं.

मी खाली अंगणात गेलो आणि दाऊजींना फोन केला. म्हणालो, "एक बोरी और भेज दो."

त्या हंगामात आम्ही किती बोऱ्या सोलल्या ते विचारू नका. फ्रीज भरला, वरचा बर्फाचा कप्पा भरला, शेजाऱ्यांचे फ्रीज भरले. पोह्यांत मटार, भातात मटार, उपम्यात मटार, एके दिवशी कढीतसुद्धा. समोरच्या दीदी दारावरूनच हात जोडायच्या, "बस भैया, अब नहीं." शुभा सगळं ओळखून होती. एकदा फोडणी देता देता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मटार संपून नाही राहिले, अन् तुमचे प्रश्न पण नाही." पण पुढची बोरी आली तेव्हा सगळ्यांत आधी सतरंजी तिनेच घातली.

आता मागे वळून बघताना तो महिना मला नीट ओळीने आठवत नाही. गच्चीवरचं कोवळं ऊन आठवतं. "बटणं गच्च आहेत", "हाताला घाम येतो", "ह्याची पाठ सपाट आहे, त्याची कुबडी" अशी तुकड्या-तुकड्यांची वाक्यं आठवतात. तिचं मराठी धड नव्हतं. लिंग चुकायचं, मध्येच "अच्छा" यायचं आणि ते वाक्य धरायचं की नाही यावर आम्ही भांडायचो. "अच्छा" माफ करायचं ठरलं. तिच्यापुढे अधूनमधून ओंजळ पडायची, ती कुरकुरायची, सोलायची, आणि पुन्हा बोलायची. उठून खाली जात नव्हती.

संक्रांतीच्या आधी मी आणि रेवा ग्वारीघाटला गेलो होतो. जाण्याआधी नर्मदेला नमस्कार करून ये, एवढंच शुभाचं म्हणणं. काठावर दोन नावाडी आम्हाला एकदमच हाका मारायला लागले. एकाची नाव मोठी, इंजिनाची, बाकं घातलेली. दुसऱ्याची लहान, वल्ह्याची, रंग उडालेला. मी सवयीने थांबलो आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघू लागलो. रेवा हसायला लागली.

"बाबा, हा काळा आणि तो लालनिळा."

मी म्हणालो, "तिसरी नाव कुठे आहे?"

"नाहीये. चला." आणि ती लहान नावेत जाऊन बसली. मोठी जास्त सुरक्षित नव्हती का, पैलतीरी लवकर गेली नसती का, हे माझे प्रश्न काठावरच राहिले. लहान नावेत समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागत होता. ती पाण्यात बोटं घालून काळ्याच्या पंख्याबद्दलच काहीतरी सांगत होती. आम्ही मध्यावर आल्यावर माझ्या एकदम लक्षात आलं, की इथे मटार नाहीत. सतरंजी नाही, ओंजळ नाही, दंड नाही, आणि तरी ती मराठीतच बोलत होती. मी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिच्याही लक्षात आलं असतं.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही सिव्हिक सेंटरच्या एका दुकानात गेलो. तिथे तिन्ही यंत्रं हातात घेऊन बघता येत होती. मी काळा उचलला. विटेसारखा होता, पण पडद्यावर असं काही झळझळीत जंगल उगवलं की माझं मत तिथल्या तिथे काळ्याकडे गेलं. ताकद काळ्यात, पडदा काळ्याचा, खेळही त्यावर स्वस्त. एवढ्या हंगामाचा अभ्यास होता माझा. मी रेवाला म्हणालो, "हाच."

दुकानदार म्हणाला, "अंकल, खेलना किसको है?"

"इसको," मी म्हणालो.

"दोनों को," रेवा म्हणाली.

आणि तिने लालनिळा उचलला, दोन्ही अंगठ्यांनी मागे काहीतरी दाबलं, टच् असा आवाज झाला आणि त्याची निळी बाजू सुटून आली. मी घाबरलो, मला वाटलं मोडलं. तिने तो निळा तुकडा माझ्या हातात दिला, लाल सोडवून स्वतःकडे ठेवला, मधला पडदा काउंटरवर टेकवून उभा केला, आणि पडद्यावर दोन गाड्या आल्या. एक तिची, एक माझी. माझी सुटताक्षणी खड्ड्यात गेली.

बाजू सुटतात हे तिने मला ह्याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. बोऱ्यांमागून बोऱ्या सोलल्या, पापण्या मोजल्या, धापा ऐकल्या, आणि मीही कधी विचारलं नव्हतं की दोघांना खेळता येतं का. मला सुचलंच नाही. कारण यंत्र तिला हवं होतं आणि मी फक्त तक्ता करत होतो, असं मी धरून चाललो होतो.

लालनिळाच घेतला, आणि त्या संध्याकाळी आम्ही घरी गाड्या पळवल्या. शुभा दारात उभी राहून बघत होती. माझा अंगठा मटार सोलून हिरवा झालेला, बटणं दाबताना घसरायचा. मी एकही शर्यत जिंकलो नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या दारात रेवाने पिशवीतून निळा तुकडा काढून माझ्या खिशात घातला. "ये आपके पास रहेगा," ती म्हणाली. "मैं वहाँ एक और ले लूँगी. आऊँगी तो खेलेंगे." दंड करायला तिथे शेंगा नव्हत्या. असत्या तरी मी केला नसता.

तोच हा समोरचा तुकडा. पुढे मला कळलं की तो स्वतःचा स्वतः चार्ज होत नाही. त्याला यंत्राच्या अंगाला लावावं लागतं, तेव्हा त्याच्यात जीव येतो. दिवाळीत रेवा आली तेव्हा तिने आल्या आल्या आधी तो लावला. त्यावरचे बारीक दिवे लागले, थोड्या वेळाने आम्ही खेळलो, मी हरलो, ती गेली, आणि हा पुन्हा थंड झाला. मध्ये समोरच्या दीदी विचारायला आल्या होत्या, त्यांच्या नातीला असलंच काहीतरी घ्यायचं आहे, कुठलं घेऊ? एवढा अभ्यास केलेला माणूस मी. मला धड एक वाक्य सांगता आलं नाही. मी त्यांना चहा दिला.

तर दाऊजींचा प्रश्न अजून तसाच आहे. रेवाला ह्या महिन्यात सुटी नाही, तिने आधीच सांगितलंय. मी दुपारी त्यांना फोन करून निम्म्या बोरीचं विचारलं, "आधी बोरी मिल जाएगी?" ते म्हणाले, "बोरी आधी नईं होत, भैया." मला हे पटलं का ते सांगता येणार नाही, पण मी म्हणालो, "भेज दो."

इथपर्यंत लिहून कागद बाजूला ठेवला होता. आज रविवार, बोरी आली. शुभाने सतरंजी घातली, आम्ही दोघं समोरासमोर बसलो. बराच वेळ नुसतं टच् आणि टपटप. दोघंच असलो की आम्हाला मराठी बोलायला नियम लागत नाही, आणि म्हणून बोलायलाही काही सुचत नव्हतं. मग शुभाचा फोन वाजला. तिने तो परातीला टेकवून उभा केला. पडद्यावर रेवा होती, तिच्या बंगळूरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून, पुढे एक स्टीलचं भांडं आणि वर्तमानपत्रावर किलोभर शेंगा.

"इथले मटार काही खास नाहीत," ती म्हणाली. "बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"नवीन आला आहे. लालनिळ्याचाच, पण त्याच्या पुढचा. पडदा मोठा आहे, ताकद खूप जास्त, पापणी पण काळ्यासारखी लवते. माझ्या मैत्रिणीने घेतला. घेऊ का?"

गेल्या वर्षी मी तिला पंख्यापासून पाठीपर्यंत सगळं विचारलं होतं. ह्या वेळी मला एकच प्रश्न सुचला, आणि तो विचारायची भीती वाटली.

"त्याला निळा बसतो का?"

तिचा अंगठा शेंगेवर थांबला.

"नाही बसत," ती म्हणाली. "त्याची जोडायची जागाच वेगळी आहे. लांबून ओळखतो. लांबून खेळता पण येतं. पण अंगाला लागत नाही. चार्ज करायला दुसरं काहीतरी घ्यावं लागेल."

"म्हणजे लांबून चालतो."

"हो. लांबून चालतो."

मला एकदम भरून आलं. कशाने, ते सांगता येणार नाही; एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी ह्या वयात कोणी रडत नाही. मला म्हणायचं होतं की घे, नवीन आहे, चांगला आहे, तुझा तू विचार कर. पण तोंडातून निघालं ते असं: "तो फिर रहने दे ना, बेटा. अपना वही ठीक है. क्या जल्दी है?"

मग शुभाने काही न बोलता दोन्ही हातांनी शेंगा उचलल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

पलीकडून रेवा म्हणाली, "आई, अजून टाक. एक वाक्य नव्हतं ते." मग तिने नाक पुसलं आणि हातातली शेंग सोलली. "आणि बाबा, मी आत्ताच घेऊन नाही राहिली. दोनच कोटेशन झालेत. तिसरं तुम्ही आणा."